दिलेले पुरेसे आहे काय? राजुऱ्याचे दोन रुपये आणि शाब्दिक उदाहरणांची जुनी परंपरा

बँका, विमा कंपन्या आणि शासकीय सेवा यांच्या भरतीपरीक्षांत 'माहितीची पर्याप्तता' या नावाने ओळखला जाणारा एक प्रश्नप्रकार असतो. त्यात प्रथम एक प्रश्न विचारलेला असतो आणि त्याखाली दोन विधाने दिलेली असतात. मात्र प्रश्नाचे उत्तर काढणे हे उमेदवाराचे काम नसते, तर त्या विधानांवरून उत्तर निश्चितपणे निघू शकेल की नाही एवढाच निर्णय त्याने द्यावयाचा असतो. केवळ पहिले विधान पुरते, केवळ दुसरे पुरते, दोन्ही एकत्र घेतली तरच पुरतात, दोहोंपैकी कोणतेही एकेकटे पुरते, किंवा दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, अशा पाच पर्यायांतून एक निवडावा लागतो. ज्यांना प्रमाणित चाचण्या म्हणतात, म्हणजे ज्यांत सर्व उमेदवारांना एकाच पद्धतीने प्रश्न विचारून एकाच पद्धतीने गुण दिले जातात, त्या परीक्षांनी या प्रकाराला आजचे रूप दिले. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या 'सॅट' या परीक्षेत तो १९५९ पासून १९७४ पर्यंत होता. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठी १९५४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'जीमॅट' या नावाने प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत तो आजही आहे. भारतात बँकांच्या भरतीपरीक्षांनी त्याला घरोघरी पोहोचविले. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' ही कलचाचणी आणल्यावर चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील अभ्यासिकांतही त्याचा सराव होऊ लागला.

प्रश्नाचा हा साचा परका आहे, पण त्यामागील विचार परका नाही. विचारणाऱ्याने जे सांगितले आहे ते पुरेसे आहे काय, ही पृच्छा मराठी मुलखातील गणिताच्या परंपरेत निदान साडेआठशे वर्षांपासून स्पष्ट शब्दांत आढळते. आणि व्यवहारात ती सर्वांत तीव्रतेने जाणवावी अशी जी ठिकाणे होती त्यांत चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा नदीकाठच्या राजुऱ्याची गणना करावी लागेल. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे शाब्दिक उदाहरण आणि बीजगणित यांचे नाते, जे पाठ्यपुस्तकांत बहुधा निव्वळ कृतीच्या पायऱ्यांपुरते उरते, ते अधिक नीट उलगडते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला. त्याच्या चार भागांपैकी 'लीलावती' हा अंकगणिताचा आणि 'बीजगणित' हा अव्यक्तगणिताचा, म्हणजे ज्यांची किंमत अद्याप कळलेली नाही अशा राशींच्या गणिताचा भाग होय. कमळे, भुंगे, हंस आणि मोर यांची उदाहरणे 'लीलावती'मुळे सर्वतोमुखी झाली. परंतु क्षेत्रव्यवहाराच्या, म्हणजे आकृतींच्या मापनाच्या प्रकरणात आचार्यांनी जो एक कठोर निवाडा दिला आहे त्याकडे फारसे कोणी वळत नाही. केवळ चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यास, म्हणजे एखादा लंब किंवा एखादा कर्ण न सांगणाऱ्यास, त्यांनी पिशाच म्हटले आहे आणि अशा प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणाऱ्यास त्याहूनही मोठा पिशाच ठरविले आहे, कारण चार बाजूंनी चौकोन निश्चित होत नाही हे त्याला उमगलेले नसते. विचारणाऱ्यापेक्षा उत्तर देणाऱ्याचा दोष मोठा मानणे ही बाब लक्षणीय आहे. अपुऱ्या माहितीवर बेतलेला प्रश्न ही चूक खरी, पण त्यावर आत्मविश्वासाने दिलेले उत्तर ही त्याहून गंभीर चूक, असा हा न्याय आहे.

ज्या जिल्ह्यांत बांबू हा घराच्या कुडापासून टोपल्यांपर्यंत सर्वत्र वापरला जातो, तेथे या निवाड्याचा अर्थ समजावून देणे सोपे आहे. बांबूच्या तीन काठ्या टोकांना सुतळीने बांधल्या तर त्यांचा त्रिकोण ताठ राहतो, त्याला दाबून दुसरा आकार देता येत नाही. चार काठ्या तशाच बांधल्या तर मात्र तो चौकोन हलतो, एका कोपऱ्यातून ओढला की लांबट होतो आणि त्यातील जागा कमी होते, जरी काठ्यांची लांबी तसूभरही बदललेली नसते. कुड उभारणारा कारागीर चौकटीला तिरपी काठी बांधतो ती याचसाठी. भास्कराचार्य ज्या कर्णाची मागणी करतात तो कर्ण म्हणजे ती तिरपी काठी. त्यांनी स्वतः जे उदाहरण घेतले त्यात चारही बाजू प्रत्येकी २५ आहेत. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६०० येते; कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६ येते; आणि दोन्ही कर्ण सारखे असतील, म्हणजे आकृती चौरस असेल, तर ६२५ येते. चार बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करून, त्या बाक्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेण्याचा जो नियम पूर्वसूरींपासून चालत आला होता, तो या तिन्ही आकृतींना ६२५ हेच उत्तर देतो. म्हणून त्रिकोणाच्या बाबतीत तो नियम स्पष्ट आणि चौकोनाच्या बाबतीत अस्फुट, म्हणजे काटेकोर नसलेला, असा भेद भास्कराचार्यांनी केला. आजच्या परीक्षेच्या भाषेत सांगावयाचे तर 'चारही बाजू प्रत्येकी २५ आहेत' हे पहिले विधान, 'एक कर्ण ३० आहे' हे दुसरे, आणि योग्य पर्याय 'दोन्ही मिळून पुरतात' हा.

'बीजगणित' या ग्रंथात हाच विचार राशींना लागू होतो. ज्ञात नसलेल्या पहिल्या राशीला 'यावत्तावत्', म्हणजे जितके असेल तितके, असे नाव देण्याची प्रथा होती. त्यापुढील राशींना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे दिली जात आणि लिहिताना या, का, नी, पी, लो ही आद्याक्षरे वापरली जात. सुट्या ज्ञात संख्येला 'रूप' म्हणत. शब्दांतील कथा या अक्षरांत उतरविणे, दोन बाजू समान आहेत असे मांडणे आणि दोन्हीकडून सारखेच वजा करून शिल्लक शोधणे, ही समीकरणाची क्रिया होय. रंगांची ही योजना मोठी मार्मिक आहे, कारण तीमुळे किती गोष्टी अज्ञात आहेत हे कागदावर, किंवा धूळपाटीवर, डोळ्यांना दिसते. आणि अज्ञात किती व त्यांना बांधणारी समीकरणे किती हे एकदा दिसले की, उत्तर न काढताही ते निघेल की नाही याचा पहिला अंदाज बांधता येतो. माहितीच्या पर्याप्ततेचे प्रश्न बीजगणिताने सोडवावेत असे जे सांगितले जाते त्याचे मूळ येथे आहे.

परंतु हा पहिलाच अंदाज असतो, आणि जी शिकवणी 'दोन अज्ञातांना दोन समीकरणे' या सूत्रावर थांबते ती विद्यार्थ्याला अर्ध्या वाटेवर सोडते. तीन ठिकाणी ते सूत्र फसते. दोन विधाने वरवर निराळी दिसून आतून एकच असू शकतात: कापसाखालचे क्षेत्र तुरीखालच्या क्षेत्राच्या दुप्पट आहे, हे एक विधान आणि कापसाच्या क्षेत्राचा निम्मा भाग तुरीच्या क्षेत्राएवढा आहे, हे दुसरे, यांतून कापूस किती एकर आहे हे कळत नाही, कारण दुसऱ्याने पहिल्यात काहीच भर घातलेली नसते. याउलट, कापूस आणि तूर यांचे गुणोत्तर विचारले असेल तर एकच विधान पुरते, जरी दोन्ही पिकांचे एकर अज्ञातच राहतात. म्हणजे सर्व राशी उकलण्याची गरज नसते, जे विचारले आहे तेवढे बांधले गेले की पुरे. हे पहिले ठिकाण सहज ध्यानात येते. उरलेली दोन अधिक खोल आहेत, आणि दोहोंचा विचार भास्कराचार्यांनी केलेला आहे.

त्यांतील एक वर्गसमीकरणाचे, म्हणजे ज्यात अज्ञात राशीचा वर्ग येतो अशा समीकरणाचे आहे. 'बीजगणिता'तील एका उदाहरणात वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळत असतो आणि १२ वानर टेकडीवर असतात. कळपाची संख्या ४८ घेतली तर सहाचा वर्ग ३६ आणि १२ मिळून ४८ होतात, आणि १६ घेतली तर दोनाचा वर्ग ४ आणि १२ मिळून १६ होतात. दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत. दुसऱ्या एका उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेलेला असतो आणि एक वानर झाडावर दिसत असतो. येथे ५० आणि ५ या दोन किमती समीकरणात बसतात, परंतु ५ घेतल्यास पंचमांश १ होतो व त्यातून तीन वजा जाऊन उणे दोन उरतात. व्यक्त राशी ऋण असणे लोकांना पटत नाही, म्हणून ते उत्तर आचार्यांनी सोडून दिले. दोन्ही समीकरणांचा साचा एकच आहे. एकात माहिती अपुरी ठरते आणि दुसऱ्यात पुरेशी, आणि हा फरक अक्षरांच्या मांडणीने नव्हे तर कथेने घडविलेला आहे. कथेचे समीकरण झाल्यावरही कथा विसरावयाची नसते, हे यातून निघते.

तिसरे ठिकाण पूर्णांकांचे आहे. उत्तर पूर्णसंख्याच असली पाहिजे अशी अट असेल तर दोन अज्ञातांना एकच समीकरण कधी कधी पुरते. अशा समीकरणांसाठी कुट्टक ही रीत आहे. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणारा, कारण मोठ्या संख्यांना पुनःपुन्हा भागून त्या लहान करीत नेल्या जातात. भाज्य आणि भाजक यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला, म्हणजे मिळवावयाच्या संख्येला, भाग जात नसेल तर तो प्रश्नच दुष्ट, म्हणजे सदोष, असे भास्कराचार्यांनी म्हटले आहे. सहा रुपयांची आणि नऊ रुपयांची अशा दोनच प्रकारच्या वस्तू घेऊन नेमका वीस रुपये खर्च कधीच होणार नाही, कारण सहा आणि नऊ यांच्या कोणत्याही बेरजेला तीनने भाग जातो आणि विसाला जात नाही. पुरेसे, अपुरे आणि सदोष अशा तीन कोटी येथे स्पष्ट वेगळ्या केलेल्या आहेत.

ही विद्या ग्रंथातच राहिली नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे; या लेखाकडे विद्वानांचे लक्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात वेधले. त्याचा मुख्य भाग संस्कृत असला तरी मठाला द्यावयाच्या देणग्यांचा तपशील मराठीत आहे, म्हणजे गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराच्या भाषेत लिहिला गेला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहून उपपत्ती, म्हणजे नियमांची कारणे, सांगितली. विदर्भाचा वारसाही उणा नाही: अकराव्या शतकातील 'गणिततिलक' या ग्रंथाचे कर्ते श्रीपती हे रोहिणीखंडचे, आणि ते आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहणखेड असल्याचे मानले जाते.

गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत मात्र वेगळेच गणित चाले. तेथे पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकून घेतले जात आणि बाजारातील हिशेब तोंडी व्हावा म्हणून लहान लहान गुरकिल्ल्या पाठ करविल्या जात. जितक्या रुपयांना मण तितक्या आण्यांना अडीच शेर, ही त्यांपैकी एक होय. मणाचे चाळीस शेर आणि रुपयाचे सोळा आणे धरले, आणि चाळीसाला सोळाने भागले की अडीच येतात. तेव्हा भाव कितीही असो, ही किल्ली चालते, आणि बीजगणित न शिकलेल्या मुलाच्या हाती बीजगणितातील एक सर्वसाधारण सत्य पडते. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मण चाळीस शेरांचा असेल तरच ती खरी, आणि मण, शेर, पायली, कुडव, खंडी ही मापे सर्व मुलखांत एकसारखी नव्हती. पाठ करणाऱ्याला ही अट सांगावी लागत नसे, कारण त्याच्या बाजारात दुसरे माप नसेच. न बोललेली माहिती ही अशी गावाच्या शिवेपर्यंत पुरते.

राजुरा अशाच एका शिवेवर वसलेले होते. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राज्याच्या आणि माणिकगडच्या डोंगरी किल्ल्याच्या या मुलखात वर्धा नदी पुढे दोन राजवटींची सीमा झाली. उत्तरेकडील चांदा १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर ब्रिटिश अमलाखाली आले आणि १८६१ पासून मध्य प्रांतात मोडू लागले. दक्षिणेकडील राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले. १८७२ मध्ये एदलाबाद, राजुरा आणि शिरपूर हे तीन तालुके मिळून शिरपूर-तांदूर हा उपजिल्हा झाला आणि १९०५ मध्ये त्याचा आदिलाबाद हा पूर्ण जिल्हा बनला. नदीपलीकडे बल्लारपूर दिसत असूनही तेथील कायदा, न्यायालय, दप्तराची भाषा आणि नाणे ही सर्व निराळी होती. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा हा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर ही सीमा आगगाडीने ओलांडता येऊ लागली, पण ती पुसली गेली नाही.

नाण्याचा भेद हा या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग आहे. हैदराबादचे स्वतःचे चलन होते. चारमिनारची आकृती असलेल्या त्या रुपयाला 'हाली' म्हणत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला 'कलदार'. दोहोंचे नाव रुपया, दोहोंचे आणे सोळा, पण मोल निराळे. दर काळानुसार कमीजास्त होई. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर सात हाली म्हणजे सहा भारतीय रुपये हे प्रमाण अधिकृत ठरले. तेव्हा वर्धेच्या दोन्ही तीरांवर देवघेव करणाऱ्याला 'दहा रुपये' हे पूर्ण वाक्य नव्हते. कोणते रुपये, हे दुसरे विधान त्याला लागे, आणि हिशेब पुरा होण्यास दर हे तिसरे.

या दोन रुपयांवर एक उदाहरण रचून पाहिले तर वर सांगितलेले सर्व बारकावे एकत्र येतात. एखाद्याजवळ हाली आणि कलदार असे दोन्ही प्रकारचे पूर्ण रुपये आहेत, मोड नाही, आणि सात हालींना सहा कलदार हा दर आहे. तर हाली किती? सर्व नाण्यांचे मोल वीस कलदार आहे, असे पहिले विधान असेल, तर सहा वेळा हाली आणि सात वेळा कलदार यांची बेरीज १४० होते. कलदारांच्या सातपटीला सातने भाग जातो, १४० लाही जातो, म्हणून हालींच्या संख्येलाही सातने भाग गेलाच पाहिजे: ७ हाली आणि १४ कलदार, १४ हाली आणि ८ कलदार, किंवा २१ हाली आणि २ कलदार. उत्तरे तीन, म्हणजे विधान अपुरे. नाणी एकूण २२ आहेत, हे दुसरे विधान एकटे तर अगदीच अपुरे. पण दोन्ही एकत्र येताच १४ हाली आणि ८ कलदार हे एकच उत्तर उरते. आता मोल विसाऐवजी दहा कलदार ठेवले, तर ७ हाली आणि ४ कलदार याखेरीज दुसरी जुळणी होत नाही, म्हणजे पहिले विधान एकटेच पुरते, आणि समीकरणे मोजून निर्णय देणारा उमेदवार नेमका येथे चुकतो. अज्ञात तीच दोन, समीकरणाचा साचा तोच, बदलली ती एक संख्या; आणि दर काढून घेतला तर दोन्ही विधाने मिळूनही काहीच सांगत नाहीत.

राजुऱ्यातील शिक्षणाची भाषाही या काळात नदीपलीकडच्याहून निराळी होती. हैदराबाद संस्थानात प्राथमिक इयत्तांनंतरचे शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले. १९१७ मध्ये तेथे शास्त्रीय ग्रंथांच्या उर्दू भाषांतरासाठी 'दार-उत-तर्जुमा' ही संस्था निघाली आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च गणित शिकविण्याचा तो प्रयोग मोलाचा होता, जरी त्यात मराठी, तेलुगू, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला स्वतःची भाषा सोडूनच पुढे जावे लागे. बीजगणिताला तेथे 'जब्र ओ मुकाबला' म्हणत, आणि समीकरणाला 'मुसावात'. हे पहिले नाव नवव्या शतकातील अल् ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथावरून आले आहे: जब्र म्हणजे एका बाजूला वजा असलेले पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढणे, आणि मुकाबला म्हणजे दोन्ही बाजूंची सजातीय पदे समोरासमोर आणून तोडणे. भास्कराचार्यांची दोन्हीकडून सारखे वजा करण्याची क्रिया आणि ही क्रिया एकच काम करतात. मराठी मुलाला ही परिभाषा सर्वस्वी अपरिचित वाटण्याचेही कारण नव्हते, कारण जमा, वजा, बाकी, रक्कम, हिशेब हे त्याच्या घरचे शब्द त्याच वाटेने मराठीत आलेले होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामी राजवट संपली, आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत राजुऱ्याचे सर्व मोजमाप बदलले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तालुका मुंबई राज्यात आला आणि प्रथम नांदेड जिल्ह्याला जोडला गेला; १९५९ मध्ये तो नदीपलीकडच्या चांदा जिल्ह्यात आला; १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाले. याच दरम्यान, १ एप्रिल १९५७ पासून, रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनमापे आली. हाली रुपया ओळखणारे, कलदारात हिशेब करणारे आणि नवे पैसे मोजणारे राजुऱ्याच्या एकाच पिढीतले लोक होते. नव्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणात नुसते 'रुपये' लिहिले तरी ते पुरेसे होऊ लागले ते गणित सुधारले म्हणून नव्हे; प्रमाणीकरणाचे विधान शासनाने कायद्याने एकदाच करून ठेवले आणि प्रत्येक उदाहरण त्याला न सांगता सोबत घेऊ लागले. पावकी आणि औटकी निरुपयोगी ठरून विसरल्या गेल्या, त्याचे दुःख करावयास जागा आहे, कारण अपूर्णांकाची जाण त्यांतून कोवळ्या वयात होत असे. पण राजुऱ्यासारख्या सीमेवरील तालुक्याला एकच नाणे आणि एकच किलो यांनी जो दिलासा दिला तो मोठा होता.

अपुरेपणा त्यानंतर नाण्यांतून निघून शब्दांत शिरला. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडली गेली. तेथून पदवी घेऊन भरतीपरीक्षांना बसणारा विद्यार्थी शाब्दिक उदाहरणे अनेकदा इंग्रजीतून मराठीत उतरविलेली वाचतो. प्रादेशिक ग्रामीण बँकांच्या आणि पुढे सरकारी बँकांच्या लिपिकपदांच्या परीक्षा मराठीतूनही देता येतील, असे निर्णय २०१९ आणि २०२१ मध्ये झाले, ही फार दिवसांची उणीव भरून काढणारी गोष्ट आहे. तथापि पर्याप्ततेच्या प्रश्नात भाषांतराची जबाबदारी इतर कोणत्याही प्रश्नाहून अधिक असते. 'रकमेच्या दुप्पट' याचा अर्थ एकच आहे; 'रकमेपेक्षा दुपटीने जास्त' याचा अर्थ बोलण्यात दुप्पट असाच घेतला जातो, पण शब्दशः घेतल्यास तिप्पट होतो. 'दोघांचे वय' म्हणजे प्रत्येकाचे की दोघांच्या वयांची बेरीज, 'उरलेल्याचा तिसरा हिस्सा' म्हणजे मूळ रकमेतून उरलेल्याचा की मागच्या खर्चानंतर उरलेल्याचा, हे वाक्यात स्पष्ट नसेल तर एका अज्ञातासाठी दोन वेगळी समीकरणे मांडता येतात. साध्या उदाहरणात उत्तर पर्यायांशी जुळवून विद्यार्थी आपली चूक सुधारू शकतो. येथे पर्यायांत संख्याच नसतात, त्यामुळे चुकीच्या वाचनाची खूण कोठेच उमटत नाही. भास्कराचार्यांनी दोष आधी विचारणाऱ्याच्या पदरात घातला होता, हे प्रश्नपत्रिका रचणाऱ्यांनी आणि त्यांचे मराठी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या जंगलाच्या मुलखात जुन्या मापांपैकी एक आजही जिवंत आहे, आणि ते किलोत किंवा लिटरमध्ये बसत नाही. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडून घरोघरी त्यांचे पुडे बांधले जातात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने धरली जातात आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी होते, शेजारच्या मध्य प्रदेशात मात्र पुड्यात ५० पाने धरण्याची रीत आहे. एका घराने १४,००० पाने तोडली, तर पुडे किती झाले, असा प्रश्न राजुऱ्याच्या फडीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, विचारला तर लहान मूलही २०० म्हणेल. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, राज्याच्या सीमेपलीकडे २८० हे उत्तर मागतो. आणि ज्याने तेंदूचा पुडा कधी पाहिलेला नाही अशा परीक्षार्थीसमोर तो ठेवला तर त्याने निवडावयाचा बिनचूक पर्याय पाचवा असतो.